घरचा माठ

माठाच्या झाकणावर पेला पालथा घातलेला होता आणि पेल्यावर एक दगड ठेवलेला होता. तो दगड नाथाजीने ठेवलेला नव्हता.

पुदिन्याची जुडी हातात घेऊन तो शेडच्या मागे आला होता, पन्ह्याची चव बघायला. चव बघायची म्हणजे वासावरून. सगळी नोकरी फौजेच्या ऑफिसर मेसमध्ये बार सांभाळण्यात गेली, पण या गृहस्थाने स्वतः घोटभर कधी घेतली नाही. गावातल्या मित्रांना हे अजूनही खरं वाटत नसे. हलवाई काय उपाशी राहतो का, असं म्हणून ते त्याची थट्टा करायचे, आणि नाथाजी हसून सोडून द्यायचा.

संध्याकाळी विश्वजीतच्या द्राक्षबागेत पार्टी होती. यंदा माल चांगल्या दराने परदेशी गेला, त्या खुशीत त्याने सांगली-पुण्याकडच्या व्यापाऱ्यांना कुंडलला बोलावलं होतं. दारूचा एक दिवसाचा परवाना काढून शेडच्या भिंतीला चिकटवला होता. बाकी नुसत्या बाटल्या उघडून ठेवण्यात मजा नाही, उन्हाळा आहे, काहीतरी गार आणि वेगळं पाहिजे, म्हणून नाथाजीला गाठलं होतं. नाथाजीने तीन प्रकार ठरवले. काळ्या द्राक्षांचा रस, व्होडका आणि सोडा. कोकम, आलं आणि पांढरी रम. आणि तिसरं त्याचं खास, कैरीचं पन्हं. कैऱ्या निखाऱ्यावर भाजायच्या, गर गुळात कालवायचा, वेलची, काळं मीठ, मग जिन आणि संत्र्याच्या सालीचं गोड लिकर. हे त्याला बबिना छावणीच्या मेसमध्ये एका कर्नलसाहेबांच्या पत्नीने शिकवलं होतं. उन्हाळ्यात माणसाला गारवा हवा असतो, दारू आपली मागच्या दाराने यावी, असं त्या म्हणायच्या. नाथाजीने ते इतकं मनावर घेतलं होतं, की त्याच्या पन्ह्यात दारू आहे हे पिणाऱ्याला पेला संपला तरी कळत नसे. त्याचा त्याला फार अभिमान होता.

पेला पालथा बघून त्याला आधी हसू आलं. राखणदाराने हात मारला असणार, मारू दे. त्याने दगड बाजूला ठेवला, पेला उचलला आणि उजेडात धरला. पेल्यावर बोटांचे तांबडे ठसे होते.

एप्रिलची छाटणी नुकतीच झालेली होती. छाटणी झाली की डोळे, म्हणजे कोंब, एकसारखे फुटावेत म्हणून वेलीच्या काड्यांना औषध लावतात. त्याला सगळे पेस्टच म्हणतात. कुठली काडी झाली, कुठली राहिली हे कळावं म्हणून त्यात तांबडा रंग कालवतात. ही कामं करणाऱ्या बायांचे हात चार-चार दिवस तांबडे असतात. आणि त्या पेस्टची एक गोष्ट या भागातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असते. पेस्ट लावणाऱ्याने पुढचे काही दिवस दारूला शिवायचं नाही. मागच्या छाटणीला वडूजकडून कामाला आलेल्या एका गड्याने ते ऐकलं नव्हतं. दिवसभर पेस्ट लावून संध्याकाळी त्याने थोडी घेतली. तोंड लालभडक झालं, छाती धडधडायला लागली, श्वास पुरेना. सांगलीला नेता नेता वाटेतच तो गेला. त्याला गाडीत चढवताना नाथाजीने त्याचे पाय धरले होते.

ते सगळं नाथाजीला आठवलं. मग त्याची नजर पुन्हा त्या दगडाकडे गेली.

पेला पालथा घालून त्यावर दगड ठेवायची सवय अख्ख्या कुंडलात एकाच माणसाची होती. वाऱ्याने पेला पडतो, मातीत लोळतो, म्हणून घरी अंगणातल्या माठावरसुद्धा ती असाच दगड ठेवायची. ती म्हणजे त्याची थोरली बहीण चंद्राबाई, त्याची आक्का. आणि आक्का आज पलीकडच्याच बागेत पेस्ट लावायला आली होती.

नाथाजी तिथेच खाली बसला.

आई गेली तेव्हा नाथाजी रांगत होता. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा वारला म्हणून आक्का माहेरी परत आली, आणि तिने त्याला वाढवलं. त्याच सालात तिने गळ्यात तुळशीची माळ घातली. फौजेत भरती हो म्हणून मागे लागली तीही आक्काच. पुढे भाऊ मेसमध्ये साहेबांना दारू देतो हे कळलं, तेव्हा तिने दोन दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं. मग स्वतःच तोड काढली. नोकरी आहे, कर. पण दारू घरात आणायची नाही आणि घरच्या भांड्याला तिचा थेंब लागता कामा नये. नाथाजीने तिच्या पायाला हात लावून शब्द दिला. तो शब्द त्याने नोकरीत पाळला, पेन्शनीत आल्यावर पाळला. बायको वारली, लेक पुण्याला स्थायिक झाला, घरात दोघंच उरली, तरी पाळला. असल्या पार्टीला जाताना तो साधं फडकंसुद्धा घरातलं नेत नसे.

आणि आज सकाळी त्याने घरचा माठ नेला होता.

कारण अगदी साधं होतं. पलूसहून येणारी बर्फाची गाडी बंद पडली होती आणि फ्रीजमध्ये जागा नव्हती. नव्या माठाला मातीचा वास मारतो, त्यात पन्हं बिघडतं. घरचा माठ दोन उन्हाळे मुरलेला. आक्का पहाटेच टोळीबरोबर गेली होती. नेऊ, उद्या नवा आणून त्या जागी ठेवू, हा देऊन टाकू, तिला कळायचंही नाही, असा त्याने हिशेब केला. माठ गाडीला बांधून आणला, भोवती तिचंच गोणपाट ओलं करून गुंडाळलं आणि शेडच्या मागे आंब्याच्या सावलीला ठेवला. उन्हात राबणाऱ्या माणसाला ओलं गोणपाट दुरून दिसतं. दिसलं की पाय तिकडेच वळतात.

तिला तहान लागली असेल, आपला माठ ओळखला असेल, आणि आपल्या माठात काही वावगं नसणार याची तिला खात्री असेल. ती खात्री त्यानेच तिला दिलेली होती.

तो उठला आणि दोन्ही हातांनी माठ आडवा केला. आणखी कुणी यायला नको. पन्हं मातीत पसरलं, कैरीचा आणि संत्र्याचा सुंदर वास सुटला. मेसमध्ये कधी ट्रेवरचा थेंब सांडू न देणारा नाथाजी त्या चिखलातून धावत सुटला.

शेडच्या पुढे विश्वजीत खुर्च्या मांडून घेत होता. धापा टाकत नाथाजीने त्याला सांगितलं, की आक्काने माठातलं प्यायलंय आणि ती पेस्टवर आहे. विश्वजीतचा चेहरा उतरला. त्याने खिशातून गाडीची किल्ली काढली आणि तो निघाला. पलीकडच्या बागेच्या बांधापर्यंत त्याने गाडी नेली.

टोळी काम करत होती. मुकादमीण राजेश्वरी हातातलं फडकं घेऊन नाथाजीपुढे आली.

"नाना, बरं झालं आलासा. आक्का सावलीला बसलीया. तोंड लय लाल झालंया बगा. ऊन लागलं जणू."

आक्का बांधावरच्या कडुलिंबाला टेकून बसली होती. त्या सावळ्या चेहऱ्यावर, मानेवर, कानाच्या पाळ्यांपर्यंत लाली चढली होती. ती पदराने वारा घेत होती, पण हात मध्येच थांबत होता. भावाला बघून तिने हसायचा प्रयत्न केला.

"तू कशाला आलास रं काम सोडून. काय न्हाई, जरा उकडाय लागलंय. छातीत धडधडतंय नुसतं."

नाथाजीने विचारलं तेव्हा त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही. "आक्का, माठातलं प्यालीस व्हय?"

"प्याले की. कॅनमधलं पानी निस्तं कढत झालतं. तुज्याकडनं घोटभर घ्यावं म्हणून आले तर आपला माठ दिसला. तू नव्हतास. का रं, पावन्यांसाठी हुतं व्हय त्ये?"

"तसं काय न्हाई," नाथाजी म्हणाला. "चल, दवाखान्यात जाऊन यिऊ."

तिला वाद घालायची ताकद नव्हती, यानेच तो जास्त घाबरला. आक्का आणि वाद न घालता दवाखान्यात जायला तयार, असं कधी झालंच नव्हतं. राजेश्वरीने आणि त्याने तिला गाडीत बसवलं. वाटेत तिचा श्वास लहान होत गेला. ती एका हाताने गळ्यातली माळ चाचपत होती आणि काहीतरी पुटपुटत होती. नाथाजीने तिचा दुसरा हात धरला. त्या हाताची बोटं तांबडी होती. वडूजच्या त्या गड्याचे पाय त्याला पुन्हा पुन्हा आठवत होते. देवा, हिला काही होऊ देऊ नको, माझं काय व्हायचं ते होऊ दे, एवढंच तो मनात म्हणत राहिला.

दवाखान्याच्या दारात स्ट्रेचर येईपर्यंत विश्वजीतने त्याला बाजूला घेतलं. तोही भेदरलेला होता.

"नाना, ऊन लागलंय एवढंच सांगू. पार्टीचं नाव काढलं तर पोलीस येत्याल. डॉक्टरला काय ते आपसूक कळतंय."

नाथाजीने मान हलवली. होकाराची की नकाराची, ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

दवाखान्यात डॉक्टर ब्राह्मी मगदूम होत्या. वय लहान, पण याच भागात वाढलेल्या. त्यांनी आक्काची नाडी बघितली, रक्तदाब बघितला, पुन्हा बघितला. मग त्यांची नजर आक्काच्या तांबड्या बोटांवर गेली. त्या जराशा अवघडल्या.

"आजी, राग मानू नका. पेस्टच्या कामानंतर कुणी थोडी जरी घेतली, तरी अगदी असंच होतं. म्हणून विचारते."

आक्काने डोळे उघडले. बोलायला दम नव्हता, तरी तिने दोन बोटांत माळ धरून डॉक्टरांपुढे केली.

"आवं बाई, ही बगा. मालक गेलं तवापास्नं हाय गळ्यात."

डॉक्टर ओशाळल्या. हात जोडून म्हणाल्या, माफ करा आजी, विचारायलाच नको होतं. मग त्यांनी नर्सला सलाइन लावायला सांगितलं. उन्हाचाच त्रास दिसतोय, हृदयाची पट्टीही काढून घेऊ, असं म्हणून त्या दुसऱ्या पेशंटकडे वळल्या.

नाथाजी कॉटच्या पायथ्याशी उभा होता. मेसमध्ये उभा राहायचा तसाच, हात मागे बांधून. तिथे एक नियम होता. विचारल्याशिवाय बोलायचं नाही. साहेब लोक काय वाटेल ते बोलोत, वेटरने भिंत होऊन राहायचं. त्याला तो नियम सोपा जायचा, कारण तो स्वभावानेच भित्रा होता. गाव त्याला फौजी म्हणायचं. त्याचं त्याला माहीत होतं, की आपण सगळी नोकरी साहेबांच्या आवाजाला घाबरून काढली.

आता मात्र त्याला दोन्हीकडून भीती होती. बोललं नाही तर आक्का जाईल. बोललं तर आक्काच्या जवळ जे एकच होतं, ते जाईल. तिला ना मूल, ना संसार, ना जमीन. ती माळ तेवढी तिची होती. तिच्यामुळे गाव तिला वाट द्यायचं, लग्नाकार्यात पहिली हळद लावायला बोलवायचं, विधवा असूनसुद्धा.

डॉक्टरांना बाहेर गाठून हळूच सांगू, असं त्याने ठरवलं. आक्काच्या कानावर जायला नको. तो दाराकडे वळला, तेवढ्यात तिने त्याचं मनगट धरलं. तिला काही म्हणायचं होतं पण श्वासच येईना. तोंड उघडं पडलं, ओठ निळसर झाले, डोळे फिरायला लागले. नर्सने हाक मारली. डॉक्टर धावत आल्या आणि काय झालं म्हणून विचारू लागल्या. आक्काने मनगट सोडलं नव्हतं. बाहेर जायला वेळच उरला नव्हता.

"मॅडम, दारू हाय तिच्या पोटात," नाथाजी म्हणाला.

डॉक्टरांनी वर बघितलं.

"तिला ठावं न्हवतं. पन्ह्यात हुती. घरच्या माठात म्या घातली हुती, म्हणून ती प्याली. माजी चूक हाय."

आवाज जरा मोठाच निघाला. पलीकडच्या कॉटवरच्या माणसांनीही माना वळवल्या. दारात उभा असलेला विश्वजीत खाली बघू लागला. डॉक्टरांनी मात्र एक क्षणही घालवला नाही. ऑक्सिजन लावला, सलाइन बदललं, इंजेक्शन भरलं, सांगलीला फोन करून अ‍ॅम्ब्युलन्स मागवली. नाथाजीला कुणी दोष दिला नाही. तसं करायला कुणाला सवड नव्हती.

आक्काने त्याचं मनगट सोडलं होतं. ती त्याच्याकडे बघत होती. त्या नजरेत राग असता तर त्याला सोसला असता. लहानपणी तिने त्याला पुष्कळ मारलं होतं, त्याची त्याला सवय होती. पण ती नुसती बघत होती, ओळखीच्या माणसाला अनोळखी ठिकाणी बघावं तशी.

अ‍ॅम्ब्युलन्समध्ये चढवल्यावर तिने हात वर केला. नर्सला वाटलं, मास्क काढतेय, म्हणून तिने हात धरायचा प्रयत्न केला. आक्काने मास्कला हात लावला नाही. हळूहळू, दम खात, तिने मानेमागून माळ वर घेतली, डोक्यावरून काढली आणि नाथाजीच्या तळहातात ठेवली. मग तिने तोंड दुसरीकडे फिरवलं. सांगली येईपर्यंत नाथाजीने ती मूठ उघडली नाही.

आक्का वाचली. वेळेवर कळलं म्हणून निभावलं, असं सांगलीच्या डॉक्टरांनी सांगितलं. विश्वजीतने पार्टी रद्द केली. पोलीस आले, विचारपूस करून गेले. विश्वजीत पुढे होऊन जे झालं ते सांगून मोकळा झाला. नाथाजीला तो एका शब्दाने बोलला नाही.

आक्का घरी आली तेव्हा आळी भेटायला लोटली. राजेश्वरीने तर समजूतच घातली. आक्का, तुमाला काय माहीत हुतं, नकळत झालेल्याला पाप लागत न्हाई, महाराजांकडनं माळ पुन्हा घालून घ्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. आक्काने ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "नकळत झालं तरी प्वाटात तर गेलंच की." त्यानंतर तो विषय कुणी काढला नाही. माळ देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला होती. नाथाजीनेच ती तिथे अडकवली होती. येता-जाता तिच्याकडे बघायचं त्याला धाडस होत नव्हतं.

ती त्याच्याशी बोलत नव्हती असं नाही. जेवाय ये, दार लाव, दूध आलं का, एवढं ती बोलायची. पण आपणहून काही सांगत नव्हती, आणि हे नाथाजीला शिव्यांपेक्षा जड जात होतं. आपल्याला क्षमा करावी असं तिला म्हणायला त्याचं तोंड उघडत नव्हतं.

एका दुपारी विश्वजीतचा राखणदार माठ घेऊन आला. त्याने तो घासून, धुऊन आणला होता. कुठे ठेवू, असं त्याने विचारलं. आतून आक्का आली, माठाकडे बघितलं आणि अंगणातल्या कोपऱ्याकडे बोट केलं. राखणदाराने तो तिथे पालथा ठेवला आणि चहा न घेताच गेला.

आक्का उंबऱ्यावर बसली. नाथाजी पायरीवर होता.

"नाथा."

"काय, आक्का?"

"कैऱ्या भाजून घेतल्या हुत्यास न्हवं? उकडल्या न्हवत्यास."

नाथाजी क्षणभर गोंधळला. "भाजून. निखाऱ्यावर."

"आन गूळ आपलाच, घरचा."

"व्हय."

आक्का पदराच्या टोकाने उंबऱ्यावरची धूळ पुसत राहिली. मग म्हणाली, "चांगलं झालं हुतं. म्हणून तर दुसरा पेला घेतला म्या."

नाथाजीने खाली मान घातली. मोठमोठ्या साहेबांनी त्याच्या हाताची तारीफ केली होती, पाठीवर थाप मारली होती. घरातल्या माणसाने त्याच्या हातचं प्यायलं ते हे पहिलंच, आणि पुन्हा कुणी पिणार नव्हतं. त्याला रडू आलं. ते त्याने लपवलं नाही, आणि आक्काने त्याला गप्पही केलं नाही.

ऊन कलल्यावर ती चहा ठेवायला म्हणून उठली. उठताना गळ्यातली माळ नीट करायची तिची जुनी सवय होती. हात मानेपर्यंत गेला, तिथे जरा घोटाळला. मग तिने पदर ओढून गळ्याभोवती नीट घेतला आणि ती आत गेली.